अनुदान खड्ड्याला नको, पेटत्या शेगडीला हवे



या पत्रिकेतून आम्ही एरवी आपल्याशी बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी बोलत असतो. या खेपेस चुलीविषयी लिहीत आहोत. ऊस विकास विभागाने स्वयंपाकघरात डोकावण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आपल्या घरच्या चुलीत जे जळते, त्यातले शेण आणि पाचट ही दोन्ही जमिनीची खाद्ये आहेत. चुलीचा प्रश्न नीट सुटला तर शेताचाही काही अंशी सुटतो. म्हणून हा विषय आमच्या खात्याच्या कक्षेबाहेरचा आहे असे आम्ही मानीत नाही.

दुसरेही एक कारण आहे. घाटाखालच्या आपल्या सभासदांच्या गावांत, म्हणजे वैभववाडी, कणकवली, कुडाळ या भागांत आणि तिकडे मालवण किनाऱ्यापर्यंत, घरगुती स्वच्छ इंधनाचे काम करणाऱ्या सेवाभावी संस्था आहेत. हे काम सरकारच्या, बँकांच्या, कंपन्यांच्या आणि दानशूर मंडळींच्या पैशावर चालते. असे पैसे द्यावेत की नाही, द्यायचे तर कशासाठी द्यावेत, आणि आपल्यासारख्या सहकारी संस्थेने त्यात वाटा उचलावा काय, यावर सभासदांनी विचार करण्याची वेळ आली आहे. आमचे मत आम्ही येथे उघडपणे मांडतो. अनुदान जरूर द्यावे, पण ते बांधकाम मोजून देऊ नये. शेगडी किती वर्षे पेटती राहिली हे पाहून द्यावे.

हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कोकणचे गांधी म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. भंगीमुक्ती, संडास, सोनखत आणि गोबरगॅस हे सगळे त्यांच्या दृष्टीने एकच काम होते. घाण म्हणून जे टाकायचे त्यातून खत आणि जाळण करायचे आणि हे काम कोणा एका जातीच्या डोक्यावर ठेवायचे नाही, असा तो विचार. पुढे देहूच्या डॉ. मापुसकरांनी हाच धागा धरून संडासाला जोडलेले गॅस संयंत्र खेड्यात चालवून दाखविले. त्यांनी आपल्या संस्थेला अप्पांचेच नाव दिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तेव्हा हे काही परदेशातून आलेले खूळ नव्हे, आपल्याच मातीतले काम आहे.

सरकारी पातळीवर खादी ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकात लोखंडी टाकीचा गोबरगॅस गावोगाव नेला. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला आणि अनुदानाची रीत पडली. १९८४ साली ॲफ्प्रो या संस्थेने 'दीनबंधू' नमुना काढला. तो विटा-सिमेंटच्या घुमटाचा, लोखंडी टाकी नसलेला, म्हणून खर्चाला हलका. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडी टाकी गंजून भोके पडतात, हे तेथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून आपल्याकडे दीनबंधूच जास्त चालला. नंतर कार्यक्रमाची नावे बदलत गेली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. त्याचा पहिला टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी होता. त्यात लहान संयंत्राला आकारमानाप्रमाणे ९,८०० पासून ७०,४०० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले होते. पैसा अजिबात नाही अशी स्थिती नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

मग अडते कोठे? आपल्या जमिनीपासून सुरुवात करू. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पंचेचाळीस-पन्नास किलो शेण लागते. म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. तेवढ्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. पण हा हिशेब थोराड जनावरांचा आहे. आपली कोकणी गाय लहान चणीची, तिचे शेण बेताचे. त्यातून पिके निघाली की गुरे मोकळी सोडायची आपली जुनी वहिवाट. दिवसभराचे शेण रानात पडते, गोठ्यात फक्त रात्रीचे मिळते. उन्हाळ्यात टाकी उपाशी आणि शेगडी मंद, असे होते. वर खड्डा खणायचा तो जांभ्यात. पहारीला दाद न देणारा कातळ लागला की मजुरी दुप्पट होते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि कच्चे बांधकाम उचलून धरते. दिल्लीत ठरलेला एकच दर धुळ्याच्या काळ्या रानालाही आणि कणकवलीच्या कातळालाही, हे कसे पुरे पडावे?

आणि बांधून झाल्यावर काय? गॅसबरोबर वाफ येते, तिचे पाणी होऊन नळीत साचते. ते वेळच्या वेळी काढले नाही की ज्योत फडफडते, मग विझते. पाच मिनिटांचे काम, पण सांगणारे कोणी नाही. घरच्या बाईला वाटते संयंत्र बिघडले. चार दिवस वाट पाहून ती परत लाकडाकडे वळते. शेण घालणे थांबते, टाकीत साका धरतो, आणि वर्षभरात त्या घुमटावर भोपळ्याचा वेल चढतो. अहवालात मात्र ते संयंत्र 'पूर्ण' म्हणून नोंदलेलेच राहते. सरकारी योजनेत बांधणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करावी अशी अट होती, त्यासाठी वेगळी रक्कमही ठेवलेली होती. अट चांगली होती. पण पाचव्या वर्षी दारात येऊन शेगडी पेटते का हे पाहणारा माणूस असल्याशिवाय अट कागदावरच राहते.

नेमक्या याच जागी स्थानिक संस्थेचे मोल आहे. कुडाळ तालुक्यातील झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानचे काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. डॉ. प्रसाद देवधर हे पेशाने वैद्यकीय डॉक्टर, पण त्यांनी बायोगॅसचे काम जिल्ह्यात घराघरांपर्यंत नेले. अशी संस्था त्याच मुलखातली असते. कोणाच्या गोठ्यात किती गुरे आहेत, कोणाच्या परड्यात कातळ आहे आणि कोणत्या गवंड्याचा हात सरळ आहे हे तिला ठाऊक असते. बाहेरचा ठेकेदार काम उरकून जातो. हिला त्याच रस्त्याने रोज ये-जा करायची असते, म्हणून तिला तोंड चुकविता येत नाही.

तरीपण येथेच अनुदान देणाऱ्यांची एक खोड सांगितली पाहिजे. ते म्हणतात, आमचा पैसा 'प्रत्यक्ष कामावर' खर्च व्हावा. प्रत्यक्ष काम म्हणजे सिमेंट, विटा, शेगडी, नळी. गावोगाव फिरणाऱ्या माणसाचा पगार, त्याच्या मोटारसायकलचे पेट्रोल, बायकांना शिकविण्याचे दोन दिवस हा सगळा 'प्रशासकीय खर्च' धरून त्याला कात्री लावली जाते. त्यात मार्चअखेरची घाई. मग संस्था तरी काय करणार? आकडा पुरा करायचा, फोटो काढायचा, उद्‌घाटन करायचे आणि पुढच्या गावाला जायचे. उसाची गोष्ट घ्या. बेणे फुकट वाटले आणि भरणी, खत, पाणी यांसाठी कोणी शेताकडे फिरकलेच नाही, तर टनेज कोठून येणार? लागणीचा आकडा म्हणजे उत्पादन नव्हे, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

देशपातळीवर हा धडा एकदा महागात शिकून झाला आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला. २००२ मध्ये तो केंद्राने बंद केला तोवर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी थोड्याच वर्षांत मोडल्या, धुराडी बुजली. वाटप मोजले, वापर मोजला नाही. नंतर १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. जोडणीमागे १,६०० रुपयांचे साहाय्य आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या. हे काम लहान नव्हे आणि त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. घराघरात सिलिंडर आला याचा आम्हांला आनंदच आहे. पण जोडणी एकदा मिळते, सिलिंडर मात्र पुनःपुन्हा भरावा लागतो. म्हणून तर सरकारला पुढे भरलेल्या सिलिंडरवर वेगळी सूट द्यावी लागली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३०० रुपयांपर्यंत न्यावी लागली. इंधनाचा प्रश्न एका दिवसाच्या समारंभाने मिटत नाही, याची ही साक्ष आहे.

आपल्या घरांतही पाहा. चहा आणि फोडणी गॅसवर होते. पण सकाळची पेज, उकड्या तांदळासाठी भात उकडणे आणि न्हाणीचे पाणी तापविणे ही मोठ्या जाळाची कामे अजून लाकडावर, चुडतांवर, सोडणांवर आणि काजूच्या वाळक्या फांद्यांवरच चालतात. धूर तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा धूर जास्त करून बायका आणि त्यांच्या कडेवरची पोरे खातात. भगिनींना हे आम्ही सांगावे असे नाही, बंधूंनी मात्र ऐकावे.

आता ज्यांच्याकडे गुरेच नाहीत त्यांचे काय, हा सर्वांत अवघड प्रश्न. बायोगॅसचे अनुदान मुळात गोठा असलेल्याला मिळते. म्हणजे ज्याच्याकडे चार जनावरे, परडे आणि थोडी पुंजी आहे त्याला. देवबागसारख्या खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर राहणाऱ्या मच्छीमाराला गोठाही नाही आणि खड्डा खणायला जमीनही नाही. थोडे खणले की पाणी लागते. "गोरवां नाय, मगे शेण खंयसून हाडूचा?" हा त्याचा सवाल बिनतोड आहे. तीच गत भूमिहीन मजुराची. आणि तीच गत आपला ऊस तोडायला येणाऱ्या कामगारांची. त्यांच्याकडे बैल असले तरी गाव सुटलेले असते. हंगामापुरत्या खोपीत तीन दगडांवर स्वयंपाक होतो. खोपी पाचटाची, जाळ दाराशी. धुराबरोबर आगीचेही भय. ही माणसे कारखान्याच्या गाळपाचा पहिला दुवा आहेत, आणि स्वच्छ इंधनाच्या प्रत्येक यादीत ती शेवटी येतात.

यांच्यासाठी काही होऊ शकते काय? होऊ शकते, आणि त्याचा एक दाखला उसातूनच निघालेला आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, फलटण भागात पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने हे काम झाले. बंद पत्र्याच्या पिंपात पाचट भरायचे, भट्टीत तापवायचे, तयार झालेली काळी भुकटी खळीत मळून तिच्या कांड्या पाडायच्या. या कांड्यांवर चालणारा 'सराई' कुकर त्यांनीच काढला. साधारण शंभर ग्रॅम कोळशात पाच माणसांचे जेवण शिजते. २००२ साली या कामाला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पुढे २००६ साली उष्टे-खरकटे आणि पिठूळ पदार्थांवर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी त्याच संस्थेला तो पुन्हा मिळाला. हा दुसरा नमुना जमिनीवर ठेवायच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचा आहे. तारकर्ली-देवबागच्या वाळूत, जेथे पर्यटकांच्या खाणावळी आहेत आणि रोज भात-भाजीचे उरलेसुरले टाकून द्यावे लागते, तेथे तो करून पाहण्यासारखा आहे.

या कामाच्या प्रसारासाठी शेल फाउंडेशनने अनुदान दिले. त्या पैशाचा उपयोग कसा झाला हे समजून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या भागांतील लहान संस्थांना सोबत घेऊन, त्यांच्यामार्फत गावातल्या माणसांना चुली आणि इंधन तयार करून विकण्याचे शिक्षण देण्यावर भर ठेवला होता. नुसत्या फुकट वाटपावर भिस्त नव्हती. अनुदान कधीतरी संपणारच. ते संपल्यावर गावात काय उरते हे महत्त्वाचे. शिकलेला कारागीर उरला तर काम उरते.

मात्र ऊस विकास अधिकारी या नात्याने येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत नत्र आणि सुमारे एक टक्का पालाश असतो. म्हणजे चाळीस-पन्नास किलो नत्र आणि ऐंशी-शंभर किलो पालाश तुमच्याच रानात पडलेला असतो. खोडव्यात सरीआड पाचटाचे आच्छादन करणे हा त्याचा पहिला आणि उत्तम उपयोग. कोळशाला सगळे पाचट नेऊ नका. पण जे सभासद आमचे न ऐकता पाचट पेटवून देतातच, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की, जाळायचेच असेल तर रानात का जाळता? ते कोळशाच्या भट्टीला द्या. वाया जाणाऱ्या जाळातून कोणाची तरी चूल पेटेल. तसेच बायोगॅसची स्लरी उसाला सरीतून द्या. गॅस निघून गेला तरी शेणाचे खत जात नाही. गोवरी थापून जाळली तर त्यातले नत्र धुराबरोबर उडून जाते. शेणाचा दुहेरी लाभ असा एकाच मार्गाने मिळतो.

आता आपल्या कारखान्याचा वाटा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आपण कंपनी नाही, सहकारी संस्था आहोत, म्हणून ती सक्ती आपल्याला नाही. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६९ मध्ये, राखीव निधीची तरतूद झाल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम, योग्य त्या मंजुरीने, सहकारी वा धर्मादाय वा सार्वजनिक कामासाठी बाजूला ठेवण्याची मुभा आहे. इच्छा असेल तर वाट आहे.

यावर सभासद काय म्हणतील ते आम्हांला ठाऊक आहे. "आधी आमचे उसाचे बिल वेळेवर द्या, मग दानधर्म करा." हे म्हणणे रास्त आहे, आणि आम्हीही त्याच बाजूचे आहोत. बिलातून एक पैसाही या कामासाठी कापू नये. नफा झाला तर आणि तेवढ्यापुरतेच द्यावे. नफा नसेल त्या साली पैसा नको, पण वर्कशॉपमधला वेल्डर महिन्यातून दोन दिवस शेगड्या-नळ्या दुरुस्तीला देता येतो. शेतकी खात्याचे मदतनीस गटागटांतून फिरतातच, त्यांनी जाता जाता शेगडी पेटते का हे वहीत टिपून घ्यावे. त्याला अंदाजपत्रकात वेगळा रकाना लागत नाही.

दुसरे कोणी म्हणेल, संस्थांना पैसे दिले की ते कोठे जातात कळत नाही. शंका घेणे सभासदाचा हक्क आहे. म्हणूनच पैसे देताना अटी स्पष्ट असाव्यात. आमच्या मते त्या पुढीलप्रमाणे असाव्यात.

पहिली अट, मदतीचा ठराविक हिस्सा देखभालीसाठीच राखून ठेवावा, आणि त्यातून गावातल्याच एका-दोघांना, शक्यतो बचत गटातल्या भगिनींना, दुरुस्ती शिकवून त्यांचे मानधन द्यावे. हा खर्च वायफळ समजू नये, कामाचा कणा समजावा. दुसरी, शेवटचा हप्ता दोन पावसाळे उलटून गेल्यावर, शेगडी पेटलेली पाहून द्यावा. तिसरी, लाभार्थ्यांत गुरे नसलेल्या, भूमिहीन आणि ऊसतोड कुटुंबांचा वाटा आधी ठरवून ठेवावा, उरले तर देऊ असे नको. चौथी, घरमालकाने पैशाने नाही तर अंगमेहनतीने आपला भाग उचलावा. खड्डा स्वतः खणलेला असला की माणूस त्याची काळजी घेतो. पाचवी, चालू संयंत्रे किती आणि बंद किती याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आपल्या या पत्रिकेत दरसाल छापावी. बंद पडलेल्यांची कारणेही छापावीत. त्यात कोणाची बेअब्रू नाही. कारण कळले तर पुढचा खड्डा चुकणार नाही.

या अटी जाचक आहेत असे एखाद्या संस्थेला वाटेल. पण ज्यांना खरोखर काम करायचे आहे त्यांना त्या सोयीच्याच वाटतील, कारण त्यांच्या फिरत्या माणसाचा पगार यातूनच निघणार आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, ताळेबंद आणि नफा-वाटणीचा विषय निघेल तेव्हा कोणीतरी सभासदाने उठून हा मुद्दा मांडावा, अशी आमची विनंती आहे. विरोध करायचा असेल तर विरोधही मांडावा, पण विषय चर्चेला यावा. तोपर्यंत आपल्या दारातला गोबरगॅस बंद असेल तर नळीतले पाणी काढून पाहा, आणि तरीही न पेटल्यास गट कार्यालयात नाव नोंदवा. पाचट पेटवू नका.

— ऊस विकास अधिकारी